पूरग्रस्तांसाठी जमवलेले पैसे: मोठ्या संस्थेला द्यावेत की गावातल्या?

ऱ्हाईनकाठी (४ नोव्हेंबर २०२५, रात्री १:१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

जर्मनीत आमचं छोटं मराठी मंडळ आहे, साठेक कुटुंबांचं. सप्टेंबरात मराठवाड्यात सीना नदीला पूर आला तेव्हा इथे बसून फक्त व्हिडिओ बघत होतो. दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाचे स्टॉल लावले, शिवाय डबा फिरवला. एकूण ९,४०० युरो जमले, म्हणजे साधारण साडेनऊ लाख रुपये. आता ते द्यायचे कुठे, यावरून समितीत दोन तट पडलेत.

एका तटाचं म्हणणं, ज्यांचं नाव जगभर माहीत आहे अशा मोठ्या संस्थेला द्या. पावती येते, अहवाल येतो, फोटो येतात, वार्षिक सभेत कुणी प्रश्न विचारत नाही. दुसऱ्या तटात मी. परंडा तालुक्यात एक संस्था पंधरा-सोळा वर्षं बायकांचे बचत गट चालवते. पुराच्या रात्री वस्त्यांवरची माणसं शाळेत आणून तिथं चूल पेटवणाऱ्या याच बायका होत्या. माझा चुलतभाऊ तिकडे शिक्षक आहे म्हणून मला ठाऊक. ओळख आहे, लपवत नाही.

आमच्या खजिनदारांचा आक्षेप एवढाच: "अहो, त्यांची वेबसाइटसुद्धा नाही."

तुमचे अनुभव सांगा. विशेषतः कुणी अशी थेट मदत केली असेल तर पुढे काय झालं?

---

लिंबूटिंबू (४ नोव्हेंबर, १:२०)

साठ कुटुंबं आणि तट फक्त दोन? मराठी मंडळच आहे ना नक्की?

(दिवे घ्या. धाग्याचा विषय चांगला आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

आकडेमोड (४ नोव्हेंबर, ७:४५)

तुमच्या समितीचं भांडण जागतिक आहे, म्हणून मनाला लावून घेऊ नका. मे २०१६ मध्ये इस्तंबूलला जागतिक मानवतावादी शिखर परिषद झाली. तिथं मोठे देणगीदार देश आणि मोठ्या संस्था यांच्यात 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार झाला. २०२० पर्यंत मदतीचा किमान २५ टक्के पैसा 'शक्य तितका थेट' स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना द्यायचा, असं त्यात ठरलं. २०२० आलं आणि गेलं. जागतिक हिशेब बघाल तर थेट पोहोचणारा वाटा एकेरी टक्क्यांच्या पुढे सरकलेला नाही.

पुढे २०२१ मध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदतसंस्थेनंही हाच २५ टक्क्यांचा आकडा जाहीर केला, मुदत २०२५. आणि २०२५ मध्ये यूएसएडच गुंडाळली गेली.

---

लिंबूटिंबू (४ नोव्हेंबर, ७:५१)

२५ टक्के आणि मुदतवाढ. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा बिल्डर इस्तंबूलला होता का हो?

---

तेरणाकाठ (४ नोव्हेंबर, १०:३०)

मी उमरग्याकडचा. ३० सप्टेंबर १९९३ ला नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलो आणि पहाटे चार वाजायच्या आत जमीन हलली. आमचं गाव किल्लारी-सास्तूरसारखं भुईसपाट झालं नाही. भिंती फुगल्या, माळवद एका बाजूला कललं. त्यामुळे मदतीचे दोन्ही प्रकार मी पाहिले, म्हणून लांबलचक लिहितो.

पहिला प्रकार ट्रकचा. हायवेनं ट्रक येत आणि पहिलं गाव दिसलं की रिकामे होत. आतल्या गावाला काही नाही, रस्त्यावरच्याला तीनदा. जुने कपडे इतके आले की शाळेची एक खोली त्यांनीच भरली. जन्मभर नऊवारी नेसलेल्या माझ्या आजीच्या वाट्याला लाल मखमली मॅक्सी आली. तिनं ती बैलाच्या झुलीला वापरली. पाठवणाऱ्यांची भावना खोटी नव्हती, पण त्यांना आजी माहीत नव्हती.

मग पुनर्वसन आलं. पूर्ण पडलेली बावन्न गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, सिमेंटची घरं. भूमिहीन आणि अडीच एकरांच्या आतल्याला अडीचशे चौरस फूट, मधल्याला साडेचारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. बरीच गावं बाहेरच्या संस्थांनी आणि कंपन्यांनी दत्तक घेऊन बांधली. बांधकाम पक्कं होतं, नाकारत नाही. पण बैल कुठं बांधायचा, कडब्याची गंज कुठं रचायची, हे नकाशात नव्हतं. गाव इतकं ऐसपैस झालं की म्हातारीला शेजारणीकडं जायचं म्हणजे एष्टी धरावी लागते, असं लोक म्हणत.

दुसरा प्रकार आमच्यासारख्या तडा गेलेल्या घरांचा. जागतिक बँकेच्या कर्जावर सरकारचा कार्यक्रम होता. घरमालकाला हप्त्याहप्त्यानं पैसे द्यायचे आणि दुरुस्ती त्यानंच करून घ्यायची. पण तंत्र समजावणार कोण? इथं स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आली (प्रेमा गोपालन यांची, त्या २०२२ मध्ये गेल्या). गावागावात बायकांतून 'संवाद सहायक' नेमले गेले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून हजारावर गावांत. माझी मावशी त्यातली एक, शिक्षण सातवी. भिंतीतून आरपार जाणारे दगड किती अंतरावर बसवायचे, कोपऱ्याला आधार कसा द्यायचा, हे ती गवंड्याला सुनवायची. गवंडी चिडायचा. हप्ता अडला की बायका मिळून इंजिनियरसाहेबांना गाठायच्या.

२००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा आमच्याकडच्या बायका तिकडं गेल्या. मावशीही. गुजराती येत नव्हतं. म्हणायची, "पडलेल्या भिंतीची भाषा एकच असती."

म्हणून माझं मत परंड्याच्या बायकांना. पण एक लक्षात घ्या, मावशीच्या मागं सरकार होतं, पैसा होता, शिकवणारी संस्था होती. एकटी सोडली असती तर तिचं कुणी ऐकलं नसतं.

---

शेवगा (४ नोव्हेंबर, १०:५२)

तेरणाकाठ, सुरेख प्रतिसाद. मॅक्सी आणि झूल वाचून हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. २०१९ ला कोल्हापूरला आम्हीही गाठोडी पाठवली होती. त्यात माझा लग्नातला शालू होता. का पाठवला, देव जाणे.

---

जमाखर्च (४ नोव्हेंबर, १२:१५)

रंगाचा बेरंग करायला आलोय. पेशानं सीए. लहान न्यासांची ऑडिटं करतो.

ऱ्हाईनकाठी, तुमचं मंडळ जर्मनीत नोंदलेलं आहे ना? मग सगळे सभासद सदाशिव पेठेतले असले तरी कायद्याच्या लेखी ते 'परदेशी स्रोत' आहे. परंड्याच्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल (बहुधा नसेलच), तर मंडळाच्या खात्यातून तिला एक युरोही देता येत नाही. दिलात तर गोत्यात ती संस्था येईल, तुम्ही नाही.

ही नोंदणी मिळवायची तर संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च केलेले हवेत. खातं स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत. परंड्याहून दिल्ली.

"मग मोठ्या नोंदणीकृत संस्थेला देऊ, ती पुढं देईल" असं मनात आलं असेल, तर तेही बंद. पूर्वी एक नोंदणीकृत संस्था दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला परदेशी निधी देऊ शकत होती. २०२० च्या दुरुस्तीनं ते पूर्ण थांबवलं. त्याच दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. इस्तंबूलमध्ये जग म्हणत होतं, पैसा खालपर्यंत झिरपू द्या. आपण पाइपचा तोच सांधा बुजवला.

---

ऱ्हाईनकाठी (४ नोव्हेंबर, १:४०)

बाप रे. हे कुणालाच माहीत नव्हतं. खजिनदारांना आत्ताच कळवलं, ते फार खूश आहेत. 😐

---

निमशहरी (४ नोव्हेंबर, २:०५)

पण कायदा कडक केला त्याला कारणं होती. परदेशी पैसा घेऊन भलतेच उद्योग करणाऱ्या संस्था कमी होत्या का? मुख्यमंत्री साहाय्यता निधीला याच वर्षी एफसीआरए मंजुरी मिळालीय. तिथं द्या, विषय संपला.

---

जमाखर्च (४ नोव्हेंबर, २:२०)

निमशहरी, तो मार्ग कायदेशीर आणि सोपा आहे, मान्य. पण धागाकर्त्याचा प्रश्न तो नाही. तिथं दिलेले पैसे परंड्याच्या कुठल्या वस्तीवर कशासाठी जायचे, हे ना ते ठरवणार, ना परंडा.

---

वाकडी_वाट (४ नोव्हेंबर, ४:३३)

सगळे 'स्थानिक' या शब्दाची आरती करताय म्हणून खडा टाकते.

स्थानिक म्हणजे कोण? मी अकरा वर्षं ग्रामीण भागात काम केलंय. गावातली 'स्थानिक संस्था' म्हणजे पुष्कळदा सरपंचांचे मेहुणे अध्यक्ष, वहिनी सचिव आणि पत्ता कृषी सेवा केंद्राचा. मदतीची यादी पारावर ठरते आणि पारावर बसायला कोणाला मिळतं ते आपण सगळे जाणतो. पारध्यांची पालं गावाबाहेर, त्यांच्याकडे रेशनकार्ड नाही म्हणून यादीत नाव नाही. बाहेरून आलेली संस्था निदान विचारते तरी, की तिकडच्या टोकाला कोण राहतं?

तेरणाकाठ यांनी घरांचे तीन आकार सांगितले. ज्याची जमीन मोठी त्याचं घर मोठं. भूमिहीन कोण होते, हे लिहायची गरज नाही. आता मला सांगा, हा निर्णय मुंबईत न होता गावात झाला असता तर वेगळा झाला असता? मला नाही वाटत. गावानं कदाचित अडीचशेचे दोनशे केले असते.

मी मोठ्या संस्थांची वकील नाही. पण 'गावातलं ते चांगलं' हे शहरात राहून सुचणारं प्रेम आहे.

---

तेरणाकाठ (४ नोव्हेंबर, ५:१०)

वाकडी_वाट, खोडून काढता येत नाही. अडीचशे फुटांच्या घरांत कोण गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

फक्त एक जोडतो. मावशी काही पारावरची नव्हती. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी राहणारी. पारावरच्यांनी नेमायची तर तिला कुणी नेमलंच नसतं. नेमताना बाई हवी, ही अट बाहेरून आली होती. म्हणजे तुमचा मुद्दाही बरोबर आणि माझाही, असं काहीतरी.

---

अनुस्वार (४ नोव्हेंबर, ६:००)

अवांतर: मदतीचा पैसा आणि निर्णय स्थानिकांच्या हाती देणं, या 'लोकलायझेशन'ला मराठीत काय म्हणावं? 'स्थानिकीकरण' म्हणताना जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्याला जमीन एनए करून घ्यायचं प्रकरण वाटतं.

---

लिंबूटिंबू (४ नोव्हेंबर, ६:०४)

गावरानीकरण. किंमत दुप्पट आणि खात्री नाही, सगळं जुळतंय.

---

नैरोबीकर (४ नोव्हेंबर, ९:४८)

अनुस्वार, शब्द जुनाच आहे: इर्जिक. एकाच्या शेतात सगळ्या गावानं राबायचं, त्यानं जेवण घालायचं, उद्या दुसऱ्याच्या शेतात. सुदानमध्ये याला 'नफीर' म्हणतात, आणि तिथं आज जे चाललंय ते याच जोरावर.

मी मदतसंस्थांचे हिशेब तपासते, नैरोबीत बसून. १५ एप्रिल २०२३ ला खार्तूममध्ये दोन सेनांची लढाई पेटली आणि काही दिवसांतच परदेशी कर्मचाऱ्यांना विमानांनी, बोटींनी बाहेर काढलं. उरले तिथलेच लोक. वस्तीवस्तीतल्या तरुणांनी 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम' काढल्या. नाव भारी, प्रत्यक्षात व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आणि एक पातेलं. सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली (तिथं 'तकिया' म्हणतात): उकडलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे, मसूर, ज्वारीचा घट्ट घाटा. हो, ज्वारीच. जखमींना हलवणं, पाण्याचे पंप चालू ठेवणं, माणसांना वेढ्यातून बाहेर काढणं, सगळं तेच. पैसे परदेशातल्या सुदानी नातेवाइकांकडून बँकेच्या मोबाइल अ‍ॅपवर यायचे. ऱ्हाईनकाठी, तुमच्यासारख्याच मंडळांतून.

आता माझ्या बाजूची लाजिरवाणी गोष्ट. अशाच एका गटाला निधी द्यायचा होता आणि आमच्या देणगीदाराच्या नियमात बसावं म्हणून मला त्यांच्याकडे डाळीची तीन कोटेशनं मागावी लागली. जळालेल्या बाजारात. पोरानं उत्तर पाठवलं: "दुकान एकच उघडं आहे, आज आहे, उद्याचं सांगता येत नाही." सोबत पातेल्याचा फोटो. मी तो फोटो फायलीला लावला आणि शेरा लिहिला की बाजार पाहणी शक्य नाही. मंजूर व्हायला पाच आठवडे लागले.

यावर्षी जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली तेव्हा अशी शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. म्हणजे थोडाफार पैसा खालपर्यंत पोहोचायला लागला होता, तो एका सहीनं थांबला. आणि याच वर्षी या गटांना राइट लाइव्हलीहूड आणि नॉर्वेचा राफ्टो, असे दोन मोठे सन्मान मिळाले. सन्मानपत्र उकळून पोट भरत नाही, हे तिथल्याच एकाचं बोलणं.

---

शेवगा (४ नोव्हेंबर, १०:०२)

सुन्न.

---

कातळशिल्प (५ नोव्हेंबर, ८:१५)

वाकडी_वाट यांना +१, पण वेगळ्या अंगानं. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला पाणी पहिल्या मजल्यावर होतं. शेजाऱ्यांनी दोर टाकून आमची आई काढली, जन्मभर विसरणार नाही. पण त्या दिवशी अजून बोटी, अजून शिकलेली माणसं हवी होती, हेही विसरणार नाही. २०१९ ला सांगलीत ब्रह्मनाळला गावातल्याच बोटीतून लोकांना काढत होते. बोट उलटली आणि कितीतरी माणसं गेली. काढणारे धाडसाचेच होते. पण बोट किती माणसांची, लाइफ जॅकेट किती, हे धाडसानं ठरत नाही.

काही कामं मोठ्यांचीच. साथ पसरली, पूल वाहून गेला, हेलिकॉप्टर लागलं, तर बचत गट काय करणार? सगळंच गावावर ढकलणं ही सरकारची पळवाट होऊ शकते.

---

आकडेमोड (५ नोव्हेंबर, ८:४०)

कातळशिल्प, बरोबर. पण ती पहिल्या दोन-चार दिवसांची गोष्ट. पूर ओसरल्यावरच्या दोन वर्षांचं काय? 'शेअर ट्रस्ट' या संस्थेनं २०२२ मध्ये मांडलेला अंदाज असा की तेच काम स्थानिक संस्थांमार्फत केलं तर साधारण ३२ टक्के स्वस्त पडतं. पगार आणि वरखर्चातला फरक.

---

नैरोबीकर (५ नोव्हेंबर, ९:३०)

त्या 'स्वस्त'पणाकडे मात्र जरा संशयानं बघा. स्वस्त पडतं कारण त्यांचा वरखर्च कुणी देतच नाही. मोठ्या संस्थेला प्रत्येक निधीवर साधारण ७ टक्के वरखर्च धरून मिळतो. खालच्या संस्थेशी करार होताना तो रकाना पुष्कळदा कोराच असतो. घोड्याला चंदी द्यायची नाही आणि टांगा किती स्वस्त म्हणायचं.

बांगलादेशात कॉक्सबाजारला हेच पाहिलं. २०१७ च्या ऑगस्टनंतर लाखो रोहिंग्या आले, मागोमाग परदेशी संस्था. तिथल्या स्थानिक संस्थांनी दहा-दहा वर्षं तयार केलेली मुलं दुप्पट-तिप्पट पगारावर उचलली गेली. मुलांचं काय चुकलं? पण मग त्याच संस्थांना सांगायचं, "तुमची क्षमता कमी आहे, आम्ही प्रशिक्षण देतो." कोस्टसारख्या बांगलादेशी संस्था यावर जाहीरपणे बोलत आल्या आहेत.

---

भूमपरंडेकर (५ नोव्हेंबर, ११:२०)

दोन दिवस रेंज नव्हती, आज सगळा धागा वाचला. मी तिथलाच, पूर आलेला. ती संस्था मला माहीत आहे. नाव इथं कुणी लिहू नका, ती चालवणाऱ्या ताईंना फोन सुरू होतील.

वाकडी_वाट ताई, तुम्ही म्हणता तशा संस्था आमच्याकडं तीन आहेत. ही त्यातली नाही. पण पारधी वस्तीवर पहिल्या चार दिवसांत हीसुद्धा गेली नव्हती. मीच भांडलो, मग गेली. आता जाते.

मदतीचं सांगतो. पहिल्या आठवड्यात बाटलीबंद पाणी आणि बिस्किटं इतकी आली की पोरं बिस्किटाकडं बघंनात. माझ्या घरी किटं आली चार. ओढ्यापलीकडच्या वस्तीला एक नाही, कारण गाडी जात नाही. पण आमचा कडबा वाहून गेला होता आणि दावणीला जी जनावरं उरली त्यांना खायला काही नव्हतं. मुरघासाच्या बॅगा मागितल्या तर एक साहेब म्हणाले, आमच्या योजनेत जनावर बसत नाही.

आत्ताची गत अशी: जमीन खरवडून गेली ती गेली. जिथं आहे तिथं वापसा नाही, ज्वारी पेरायची राहिली. विहिरी गाळानं काठोकाठ भरल्यात. सरकार विहिरीला तीस हजार देणार म्हणतंय, मिळतील तेव्हा मिळतील. गाळ काढायचा तर यारी (गाळ वर ओढणारं यंत्र) लागते, तिचं भाडं, डिझेल आणि चार माणसांची मजुरी. मोटर भरून घ्यायची, स्टार्टर गेला, पाइप गेले. हे कुणाच्याच किटात नसतं. आता किट नको, फोटो पण नको.

---

ऱ्हाईनकाठी (५ नोव्हेंबर, ११:५५)

भूमपरंडेकर, फार आभार. आज सकाळी मी स्वतःच ताईंना फोन केला. आधीच करायला हवा होता. इतके दिवस आम्ही "कुणाला द्यायचं" यावर भांडलो, त्यांना काय हवंय ते कुणीच विचारलं नव्हतं.

त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, यारीचं भाडं, दोन गावांतल्या विहिरींसाठी. कोणत्या विहिरी आधी हे बायकांच्या बैठकीत ठरलंय, एका विहिरीवर पाच-सहा घरं पाणी भरतात त्या पहिल्या. दुसरी गोष्ट ऐकून खजिनदार उडालेच: हिशेब लिहायला एका मुलीचा सहा महिन्यांचा पगार. "पूरग्रस्तांचे पैसे पगाराला?"

---

निमशहरी (५ नोव्हेंबर, १२:१०)

खजिनदारांचं चूक काय? मी पूरग्रस्तासाठी दिलेला रुपया पूरग्रस्तालाच जावा, ही साधी अपेक्षा आहे.

---

जमाखर्च (५ नोव्हेंबर, १:०५)

निमशहरी, दरवर्षी जूनपासून मी काय बघतो ते सांगतो. पिशवीत भरलेल्या पावत्या. काही हळदीनं माखलेल्या. कॅशबुक शाळेच्या वहीत. सरकारी नोंदीत (शेड्यूल वनवर) सात विश्वस्त, त्यातले दोन वारलेले, बदलाचा अर्ज (चेंज रिपोर्ट) धर्मादाय कार्यालयात कधीचा पडून. काम अस्सल आणि कागद शून्य. मग हीच संस्था कंपनीच्या सीएसआरसाठी (सामाजिक कामाच्या निधीसाठी) गेली की १२ए दाखवा, ८०जी दाखवा (ही आयकराची प्रमाणपत्रं), सीएसआर-१ नोंदणी दाखवा. नाही? मग पुढच्या वर्षी या. कागद नाहीत म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून कागद लिहायला माणूस नाही.

त्या ताईंनी नेमका हाच गुंता सोडवायला माणूस मागितलाय. साडेनऊ लाखांतला सगळ्यात शहाणा खर्च तो.

आता मार्ग. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं परदेशातून स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेले पैसे एफसीआरएखाली परदेशी देणगी धरत नाहीत. तेव्हा डब्यात ज्यांनी टाकले त्यांना ते परत करा आणि ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी वैयक्तिक पाठवावेत, पासपोर्टची प्रत जोडून. ओसीआयवाले यात बसत नाहीत, ते परदेशी नागरिकच. स्टॉलचा नफा मात्र मंडळाचाच, तो नोंदणी असलेल्या आणि स्वतःच काम करणाऱ्या संस्थेला जाऊ दे. पाठवण्याआधी तिकडच्या कुणा सीएलाही विचारा, धाग्यावरच्या सल्ल्यावर विसंबू नका.

---

लिंबूटिंबू (५ नोव्हेंबर, १:११)

डब्यात कुणी किती टाकले हे परत सांगायला लावणार? आता मंडळाचे तट पडतील साठ.

---

वाकडी_वाट (५ नोव्हेंबर, १:४०)

यादी पारावर न ठरता बायकांच्या बैठकीत ठरलीय, हे वाचून माझा आवाज जरा खाली आणते. तरी विचारून घ्या: ओढ्यापलीकडच्या वस्तीची विहीर यादीत कितवी आहे?

---

ऱ्हाईनकाठी (९ नोव्हेंबर, रात्री ११:३०)

काल समितीची बैठक झाली. पावणेचार तास. एक राजीनामा, तोही मागे घेतला गेला.

डब्यातले ५,६०० होते. लिंबूटिंबू यांची भीती खरी ठरली, "मी किती टाकले"ची बेरीज ६,१०० झाली. शेवटी माझ्या बायकोनं वही काढून सगळ्यांना समोरासमोर लिहायला लावलं. त्यात आमच्या जर्मन शेजाऱ्याचे पन्नास होते. त्याला परत करायला गेलो तर त्याला वाटलं, आपला अपमान झाला. भारतीय पासपोर्टवाले एकतीस जण आपापले पैसे थेट परंड्याला पाठवताहेत. स्टॉलचे ३,८०० आणि ज्यांना थेट पाठवता येत नाही त्यांची रक्कम लातूर भागात स्वतः काम करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेला, चाऱ्यासाठी. जनावर त्यांच्या योजनेत बसतं, हे आधी विचारलं.

पगाराचा मुद्दा मतदानाला गेला नाही. खजिनदारांनी स्वतःच्या पाठवणीवर लिहिलंय: "फक्त यारीसाठी." दुसऱ्या तिघांनी लिहिलं: "फक्त पगारासाठी." ताई म्हणाल्या, चालेल.

वाकडी_वाट, विचारलं. ओढ्यापलीकडची विहीर यादीत नव्हतीच. ताई दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "बैठक परत घेते." आता ती तिसरी आहे.

---

वाकडी_वाट (१० नोव्हेंबर, ८:०५)

धन्स, विचारल्याबद्दल.

---

अनुस्वार (१० नोव्हेंबर, ८:३०)

'इर्जिक'वर शिक्कामोर्तब समजायचं का? आमच्याकडे 'सावड' म्हणत.

---

तेरणाकाठ (१० नोव्हेंबर, ९:१२)

मावशीला धागा वाचून दाखवला. एकच विचारलं: पगार घेणारी पोरगी कुणाची आहे?

---

भूमपरंडेकर (२१ नोव्हेंबर, ७:४०)

तेरणाकाठ, मावशींना सांगा, ओढ्यापलीकडची. बी.कॉम. झालीय, टॅली येतं, सोमवारपासून येते.

यारी काल पहिल्या विहिरीवर लागली. अठरा फूट गाळ, त्यात एक सायकल आणि शाळेची घंटा निघाली. घंटा शाळेला दिली. पाणी अजून गढूळ आहे. माझी मोटर भरायला बार्शीला टाकलीय, पंधरा दिवसांनी ये म्हणतोय.